दहा खुर्दाद

चिठ्ठीवरची तारीख मला पहिल्या दिवसापासून कळली होती. पुढे मी असं भासवलं की ती वाचताना माझा घोटाळा झाला. घोटाळा वगैरे काही झाला नव्हता. मी खोटं बोललो, आणि तेही पोस्टकार्डावर, जे वाटेत कुणीही वाचू शकतो. आज लिहायला बसलो तर पहिली इच्छा हीच होते की स्वतःला जरा सवलत द्यावी, वय लहान होतं, दिवस तसे होते, असलं काहीतरी म्हणावं. वय एकवीस होतं. एकविसाव्या वर्षी माणसाला तारीख वाचता येते.

तारखेत खोटं बोलायला जागा कुठे असते, असं आजच्या वाचकाला वाटेल. आमच्या मुलखात होती. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनावर चालायचं. आजूर, दै, बहमन अशी महिन्यांची फारसी नावं, आणि वर्ष सुरू व्हायचं ऑक्टोबरात. शाळेची हजेरी, कचेरीची तारीख, मास्तरांचा पगार, सगळं फसलीत. लग्नं, श्राद्धं आणि एकादश्या चैत्र-वैशाखाच्या हिशेबानं. आणि आगगाडीशी किंवा पुण्या-मुंबईशी संबंध आला की इंग्रजी महिने. माझा स्वतःचा जन्म आईच्या मते पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, शाळेच्या दाखल्यात मेहेर महिन्यातला आणि इंग्रजी अर्जांवर ऑगस्टमधला. आम्हाला यात काही अवघड वाटत नसे. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी बोलणाऱ्या माणसांना तीन पंचांगांचं काय ओझं?

तर फसलीचा सातवा महिना खुर्दाद. तो एप्रिलात यायचा. इंग्रजीचा सातवा जुलै. या दोघांमध्ये जे तीन महिने आहेत, त्या तीन महिन्यांत मी एका माणसाचं नुकसान केलं.

तो माणूस म्हणजे माझे गुरुजी. माझं गाव सोनपेठकडचं, पण शिकायला मी मानवतला मामाकडे राहिलो आणि तिथल्या शाळेत गुरुजींच्या हाताखाली पाच वर्षं होतो. शाळा सुटली की ते बाजारपेठेतल्या एका आडतीच्या दुकानाच्या माडीवर जायचे. तिथे आमचं मराठी वाचनालय होतं. खाली कापसाच्या बोलाचाली, वर तीन कपाटं, दोन बाकं आणि पाण्याचा माठ. गुरुजी वाचनालयाचे चिटणीस होते. म्हणजे कुलूप उघडणं, झाडणं, माठ भरणं आणि पुस्तकांना खळ लावून कव्हरं घालणं ही कामं त्यांची. उन्हाळ्यात कापसाचं तूस वरपर्यंत उडून यायचं, आणि ते रोज एकेक पुस्तक फडक्यानं पुसून ठेवायचे.

मी हैदराबादला विद्यापीठात गेलो. तिथलं शिक्षण उर्दूत. शेवटच्या वर्षी एक मोठा निबंध लिहावा लागे, त्याला मकाला म्हणायचे. मी ऐटीत विषय घेतला गोदाकाठच्या जुन्या वतनांचा, कारण वर्गात गोदाकाठचा मी एकटाच होतो आणि मला वाटलं, आपल्याला यातलं सगळं माहीतच आहे. आमचे प्रोफेसर मोठे प्रेमळ आणि तितकेच कडक. त्यांनी माझं टिपण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मियाँ, ये सब आपने सुना है. पढ़ा क्या है?"

वाचलं काहीच नव्हतं. वतनांचे जुने मराठी कागद छापलेलं एक पुस्तक होतं, ते बाजारात मिळेनासं झालेलं. विद्यापीठाच्या एवढ्या थोरल्या ग्रंथालयात फारसी हस्तलिखितांना स्वतंत्र दालन होतं, पण हे पुस्तक नव्हतं. ते होतं पुण्याच्या एका ग्रंथालयात. मी गुरुजींना पत्र टाकलं.

पुण्याच्या त्या ग्रंथालयाशी गुरुजींनी दोन वर्षं पत्रव्यवहार करून एक सोय मिळवली होती. बाहेरगावच्या वाचनालयाला चिटणिसाच्या शब्दावर ते ग्रंथालय पुस्तक द्यायचं, एका वेळी एकच. पहिलं परत गेल्याशिवाय दुसरं मिळायचं नाही. सरहद्दीच्या अलीकडच्या, निजामाच्या राज्यातल्या एका माडीवरच्या वाचनालयाला पुण्यानं ही सवलत दिली, याचा गुरुजींना केवढा अभिमान! ते पत्र त्यांनी काचेच्या चौकटीत लावलं होतं.

आणि ती सोय त्यांनी मिळवली होती स्वतःसाठी. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच सांगतो. गुरुजी शब्द गोळा करायचे. कुणब्यांचे शब्द, आउतांचे, जनावरांचे, मातीचे, दाण्याचे. रविवारी सोनपेठच्या बाजाराला जायचे, सुट्टीत पार राणीसावरगावपर्यंत पायी जायचे, आणि ज्याला त्याला विचारायचे, याला तुमच्याकडे काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. बायकांना वाटायचं, मास्तर खानेसुमारीवर आलेत, आणि त्या घरातली म्हैस लपवायच्या. शाळेच्या जुन्या वह्यांची कोरी पानं कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या होत्या. एका चिठ्ठीवर एक शब्द. अशा दोन-अडीच हजार चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यांत अक्षरांप्रमाणे लावलेल्या. यातले कोणते शब्द शहरातल्या पंडितांनी आधीच टिपलेत आणि कोणते कुणीच टिपले नाहीत, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी पुण्याचा एक जुना, जाडजूड कोश हवा होता. दोन महिन्यांकरता. बस, एवढीच त्या माणसाची हौस.

घाई एका गोष्टीची होती. त्यांची नजर उतरत चालली होती. मी त्या संक्रांतीला पुस्तक न्यायला मानवतला गेलो, तेव्हा ते खिडकीत उभे राहून पुस्तक नाकाला लावून वाचत होते. मी विचारलं तर म्हणाले, "जालन्याच्या डाक्टरनं सांगितलंय, वरीसभर चालंल. मंग देवाची मर्जी."

"मग आधी तुमचा कोश मागवायचा होता, गुरुजी. माझं पुस्तक कशाला मागवलंत?"

"तुजं इम्तिहान हाय. माजे शब्द कुटं चाललेत पळून? तुजं झालं की उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मागवतो. सुट्टीत उजेडबी लय असतो आन् येळबी."

पुस्तक यायला रेल्वे पार्सल सोडवावं लागलं होतं. मानवत रोडच्या स्टेशनावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा कारकून बसायचा. सरहद्दीपलीकडून आलेलं छापील काही दिसलं की तो ते उलटं-सुलटं करून बघायचा, आत सरकारविरुद्ध काही नाही ना म्हणून. त्याला मराठी येत नव्हतं. गुरुजींनी त्याच्यासमोर बसून अर्धा दिवस त्या पुस्तकाचा मजकूर उर्दूत समजावून सांगितला. वतनं, हक्क, मानपान. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "मास्तरसाब, ले जाव. मेरेकू मत पढ़ाव." ही गोष्ट सांगताना गुरुजी हसून बेजार झाले होते.

पुस्तकाबरोबर पुण्याच्या ग्रंथालयाची छापील चिठ्ठी होती. वाचकाला द्यायची. तिच्यावर परतीच्या तारखेला तीन चौकोन होते, दिवस, महिना आणि सन. सनाच्या चौकोनात '१९' आधीच छापलेलं होतं. पुण्यानं एप्रिलअखेरची मुदत दिली होती. टपाल, करोडगिरी, सगळं धरून गुरुजींनी पंधरा दिवस हातचे ठेवले आणि मला म्हणाले, "धा खुर्दादला मला पुस्तक पायजे." मग त्यांनी आयुष्यभराच्या सवयीनं पहिल्या चौकोनात दहा लिहिले, दुसऱ्यात सात लिहिले आणि तिसऱ्यापाशी टाक अडला. आमचं फसली वर्ष तेराशेचं, आणि तिथं तर एकोणीस छापलेलं. ते हसले, म्हणाले, "ह्यात आपलं वरीस बसंना की रे," आणि तो चौकोन तसाच कोरा सोडून चिठ्ठी पुस्तकात घातली.

मी मामाकडे जाऊन माझ्या वहीत लिहिलं, '१० खुर्दाद, पुस्तक परत.' माझ्या हातानं. शाईनं.

हैदराबादला पोचल्यावर मी ते पुस्तक ट्रंकेत ठेवलं आणि महिनाभर ट्रंक उघडली नाही. कारण सांगायचं तर कारण नाही. इराण्याच्या हॉटेलात बसायचो, मुशायऱ्यांना जायचो, दाद कशी द्यावी ते शिकत होतो. पुस्तक आपल्याजवळ आहे, एवढ्यानंच अभ्यास झाल्यासारखं वाटायचं. वर्गातल्या दोघा-तिघांना मी ते नुसतं दाखवलं. फेब्रुवारी संपताना वाचायला घेतलं तर मोडीवरून उतरवलेली ती जुनी भाषा माझ्या घशाखाली उतरेना. दिवसाला चार पानं. एप्रिल उजाडला तेव्हा माझी जेमतेम ऐंशी पानं झाली होती आणि पुढे तीनशे उभी होती. मकाला द्यायची मुदत उन्हाळ्यानंतर, जुलैत.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? दोन ओळी लिहायच्या होत्या. गुरुजी, मी आळस केला, पुस्तक आणखी हवं आहे. ते रागावले नसते. त्यांनी पुण्याला मुदतवाढीची दरखास्त केली असती, पुण्यानं नाही म्हटलं असतं तर मी पुस्तक परत केलं असतं आणि माझा मकाला लंगडा झाला असता. जे माझ्या आळसाचं फळ ते माझ्या पदरात पडलं असतं. पण गुरुजींना आळस कबूल करायची मला लाज वाटली. लाज वाटते म्हणून माणूस किती निर्लज्ज गोष्टी करतो, हे मी तेव्हापासून पाहत आलोय, आणि पाहायला फार लांब जावं लागलेलं नाही.

एका दुपारी ती चिठ्ठी पुस्तकातून खाली पडली. दहा, सात, आणि पुढे छापलेले एकोणीस. मी ती पुन्हा पाहिली. एकोणीस छापलंय म्हणजे सन इंग्रजी. सन इंग्रजी म्हणजे महिनाही इंग्रजीच नाही का? कुणीही असंच वाचेल. कुणीही दहा जुलैच म्हणेल. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून चहा प्यायला गेलो. परत आल्यावर वही काढली, 'दहा खुर्दाद' लिहिलेलं पान फाडलं, त्याचे तुकडे केले आणि खिडकीतून टाकले. आपण फक्त शंकेचा फायदा घेतोय, अशी ज्याची खात्री असते तो पानं फाडत नाही. हे मला तेव्हाही समजत होतं.

उन्हाळ्यात मी गावी गेलो नाही. मकाल्याचं काम आहे, असं आईला कळवलं. एप्रिलच्या शेवटी गुरुजींचं कार्ड आलं. पुस्तक निघालं का, वाटेत कुठे अडकलं का, करोडगिरीवाल्यानं धरलं का. पुस्तक मी ठेवून घेतलं असेल, ही शंकासुद्धा त्या कार्डात नव्हती. मी उलट टपाली कार्ड लिहिलं. ते मला अजून पाठ आहे. 'ती. गुरुजींस सा. न. पुस्तक माझ्याजवळ सुखरूप आहे. चिठ्ठीवर परतीची तारीख १०/७ म्हणजे दहा जुलै अशी असल्याने मी निश्चिंत होतो. काही चूक झाली आहे काय?'

काही चूक झाली आहे काय! अजून हे वाक्य आठवलं की मला माझ्या त्या सुरेख अक्षराचा राग येतो. अक्षरही त्यांनीच वळवलेलं.

उत्तर आठ दिवसांनी आलं. त्यांनी लिहिलं होतं की चूक सर्वस्वी त्यांची आहे, छापील एकोणीसपुढे त्यांनी फसली महिना लिहायलाच नको होता, कोणीही जुलैच वाचलं असतं. तोंडी आपण खुर्दाद म्हणालो असं त्यांना वाटतंय, पण आता वय झालं, बहुधा नुसतं मनात म्हणालो असू. मी संकोच करू नये, काम पुरं करून मगच पुस्तक पाठवावं. पुण्याला त्यांनी तसं कळवलं आहे.

मी ते कार्ड वाचलं आणि काम पुरं करायला बसलो. हो, बसलो. आणि चांगलं काम केलं. तीन महिन्यांत ती तीनशे पानं घासूनपुसून वाचली. कधी नव्हे तो मी झपाटल्यासारखा अभ्यास केला. असा घोर अपराध करून मिळवलेला वेळ वाया घालवायला माझं मन घेईना. मकाल्यावर प्रोफेसरांनी लाल शाईनं 'बहुत ख़ूब' लिहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अब पढ़ा है आपने." पुढे त्याच मकाल्याच्या जोरावर मला शिक्षकाची नोकरी मिळाली. मी जे काही झालो त्याच्या पायाशी ते तीन महिने आहेत.

जुलैत मी स्वतः पुस्तक घेऊन मानवतला गेलो. माडीवर गुरुजी बाकावर बसले होते आणि त्यांच्या नेहमीच्या जागी दुसरेच गृहस्थ कागद चाळत होते. गुरुजींनी मला जवळ आल्यावर ओळखलं, आवाजावरून.

"आलास? बस. ह्ये आता चिटणीस हायेत बरं का," ते म्हणाले. "मला सुट्टी दिली कमिटीनं."

झालं होतं असं. पुण्याच्या ग्रंथालयानं कळवलं की मुदत न पाळल्यामुळे वर्षभर या वाचनालयाला पुस्तक मिळणार नाही. कमिटीतल्या मंडळींनी ते पत्र बैठकीत वाचलं. एवढा मान मिळवला होता, मास्तरांनी घालवला, असं ठरलं. मास्तरांना आता तारखासुद्धा सुधरत नाहीत, असंही कुणीतरी म्हणालं. गुरुजींनी मान्य केलं. माझं नाव निघू दिलं नाही. वाचक कोण होता असं विचारलं तर म्हणाले, त्या पोराचा काही दोष नाही, चिठ्ठी मी लिहिली.

"आता सगळीकडं दोन-दोन तारखा लिव्हायचं ठरवलंय," ते मला मोठ्या उत्साहानं सांगू लागले. "फसली आन् इंग्रजी. महिन्याच्या नावानिशी. पयल्यापासून तसंच करायला पायजे व्हतं. तुला लय मनस्ताप झाला असंल न्हाई का?"

मला मनस्ताप! मी म्हणालो, "नाही, गुरुजी. माझं काही नाही." नवे चिटणीस मान वर न करता कागद चाळत होते. त्यांच्यापासून पाच-सहा पावलं दूर, उजेडात, सगळं सांगून टाकायला जागा होती, वेळ होता, ऐकणारा माणूस होता. मी माठातलं पाणी प्यायलो आणि मामाकडे जेवायला गेलो.

"आणि तुमचा कोश?" असं मी निघताना जिन्यात विचारलं होतं, एवढं आठवतं.

"येईल की फुडच्या वर्साला," ते म्हणाले. डॉक्टरनं दिलेलं वर्ष त्याच्या आत संपत होतं. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

कोश पुढच्या उन्हाळ्यात आला. नव्या चिटणिसांनी मागवला आणि सचोटीनं पहिला हक्क गुरुजींना दिला. दोन महिन्यांची मुदत. मला निरोप आला तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो, दुसऱ्या जिल्ह्यातल्या हायस्कुलात. रजा काढून गेलो. गुरुजी ओसरीवर बसले होते, समोर पाटावर कोश, भोवती पत्र्याचे डबे. कोशाचं एक पान उघडून ते त्याच्यावरून हात फिरवत होते. दिसत नव्हतं. उजेड आणि सावली एवढंच समजायचं.

"तू वाचून दाव," ते म्हणाले. "तुला जुनं वाचायची सवय झालीय."

मी चार दिवस वाचलं. सकाळी चहा झाला की काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, डबा उघडून चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवायच्या. मी चिठ्ठीवरचा शब्द म्हणायचो आणि कोशात शोधायचो. इर्जिक. कणगी. काकर. कासरा. गव्हाण. "हाय?" ते विचारायचे. "आहे," मी म्हणायचो, आणि ते नुसती मान हलवायचे. पण "नाही" म्हटलं की ताठ व्हायचे. "न्हाई? नीट बघ. दुसऱ्या अक्षरानं दिला असंल." मी पुन्हा बघायचो. खरंच नाही म्हटलं की त्यांचा चेहरा असा उजळायचा की बघवत नसे. मग तो शब्द कोणत्या गावच्या कोणत्या माणसानं दिला, त्या वेळी तो काय करत होता, हे सगळं सांगायचे. ज्या चिठ्ठीचा शब्द कोशात नव्हता तिच्यावर मी लाल पेन्सिलीनं फुली करायची, असं ठरलं होतं. कुणीच न टिपलेले शब्द. गुरुजींचे स्वतःचे.

चार दिवसांत आम्ही 'त'पर्यंत आलो. तास, तिफन. लाल फुल्या झाल्या होत्या एकशेसाठ-सत्तर. पाचव्या दिवशी मला नोकरीवर हजर व्हायचं होतं.

"पंदरा दिसांनी येतोस न्हवं?" त्यांनी विचारलं. "कोश महिनाभर हाय अजून."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. रजा मिळाली नसती असं नाही. त्या ओसरीवर त्यांच्यासमोर बसून, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे शब्द मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो आणि ते मला दर अर्ध्या तासाला म्हणत होते, तुझा लय वेळ घेतोय. कुणाचा वेळ कुणी घेतला होता? तिथं पुन्हा गेलो तर एक तर सगळं सांगावं लागेल नाहीतर सहन करावं लागेल, आणि मला दोन्ही नको होतं. म्हणून परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, असं कळवलं. मग तब्येत बरी नाही, असं कळवलं. मग कोशाची मुदत संपली आणि तो ठरल्या दिवशी पुण्याला परत गेला. नव्या चिटणिसांनी तारीख चुकवली नाही.

मनात मी ठरवलं होतं की एकदा जाऊन तारखेचं खरं सांगून टाकायचं, पाय धरायचे आणि मोकळं व्हायचं. वाक्यंही जुळवली होती. दर सुट्टीत जायचं ठरवायचो. दरम्यान दिवस बिघडत गेले. निजामीच्या शेवटच्या वर्षी तर वाचनालयाला कुलूप लागलं आणि बरीच घरं सरहद्दीपलीकडे नातेवाइकांकडे गेली. गुरुजी आणि काकूही गेले, काकूंच्या भावाकडे. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामी संपली. लोक परतायला लागले. त्या हिवाळ्यात मी मानवतला गेलो, तर काकू एकट्याच परत आल्या होत्या. गुरुजी उन्हाळ्यातच तिकडे वारले होते.

काकू ओसरीवर दाणे निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि इतक्या वर्षांनी सगळं सांगितलं. खुर्दाद, जुलै, फाडलेलं पान, ते कार्ड, कमिटीत त्यांच्यावर आलेला ठपका. मी रडलोही. खरं सांगायचं तर रडताना मला बरं वाटत होतं. एकदाचं बोललो, असं वाटत होतं.

काकूंनी सुपातले खडे वेचणं थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "त्येंला ठाव व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"तारखंचं. तू समोर बसला असताना तोंडानं धा खुर्दाद म्हनले व्हते, त्ये काय इसरतात व्हय? पोराला लाज वाटली असंल, म्हनले. त्येचं त्येंनी कवाच मनाला लावून घेतलं न्हाई." मग त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू का आला न्हाईस, एवढंच इचारायचे. पंदरा दिसांनी येतो म्हनला व्हतास. कोश परत गेला त्या दिवशीबी सकाळधरनं आंगुळ करून ओसरीवर बसले व्हते, डबे उघडून."

या प्रश्नासाठी मी वाक्यं जुळवून आणली नव्हती.